संतांच्या हातात काय आहे?

(सकल संतांच्या सणानिमित्त)



येत्या १ नोव्हेंबरला आपण सकल संतांचा सण साजरा करणार आहोत. त्या दिवशी पहिल्या वाचनात प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातले ते भव्य दृश्य आपल्यापुढे उभे राहील. कुणाला मोजता येणार नाही एवढा लोकसमुदाय, सगळ्या राष्ट्रांतला, सगळ्या भाषांचा. अंगात शुभ्र झगे आणि हातात झावळ्या. हे वाचन आपण दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी विसरतो. यंदा मात्र 'हातात काय आहे' या प्रश्नापाशी आम्ही अडखळलो. ते का, हे आधी सांगून टाकतो. त्यात चूक आमचीच आहे, आणि ती मुलांच्या तोंडून गावभर होण्याआधी आम्हीच कबूल केलेली बरी!

गेल्या महिन्यात एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही चर्चमधल्या रंगीत काचांच्या खिडक्या दाखवत होतो. चौथ्या खिडकीपाशी एका मुलाने विचारले, "फादर, ह्याच्या हातात बोंबील भाजायची जाळी कशाला?" सगळी मुले हसली. आम्ही वर पाहिले. तरुण, बिनदाढीचा चेहरा, अंगात डिकनचा झगा, एका हातात झावळी. आम्ही घाईत सांगितले, "हा संत स्तेफन, ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी." मुलगा हुशार. तो म्हणाला, "पण स्तेफनला तर दगड मारले होते. दगड कुठे आहेत?"

आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावर रोजरीची माळ जपत बसलेल्या एका आजींनी मान वर केली. "फादर, तो लॉरेन्स. त्याला जाळीवर भाजला. माझ्या आयने दाखवला होता मला." मग खिडकीच्या तळाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "खाली गरीब होते त्याचे. आता फळी हाय."

या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. आणि आम्ही? सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना 'खूण म्हणजे काय' या विषयावर आम्ही परीक्षेत पाने भरून लिहिले होते. संत ऑगस्टीन सांगतात की, जी वस्तू पाहिल्यावर तिच्यापलीकडची दुसरी गोष्ट मनात येते, ती खूण. धूर पाहिला की विस्तव आठवतो, पाऊल उमटलेले दिसले की जनावर आठवते. हे सारे आम्हाला पाठ होते. पण आपल्याच चर्चच्या भिंतीवरची खूण आम्हाला वाचता आली नाही, आजींना आली. म्हणून या रविवारी आपण सगळे मिळून ही बाराखडी पुन्हा एकदा गिरवू या.

काचेवरचे शास्त्र

इ.स. ६०० च्या सुमारास मार्सेलचे बिशप सेरेनुस यांनी आपल्या चर्चमधल्या प्रतिमा फोडून टाकल्या. लोक त्यांची पूजा करू लागतील, अशी त्यांना धास्ती होती. पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहिले. प्रतिमांची आराधना होऊ नये ही तुमची काळजी रास्त आहे, असे त्यांनी मान्य केले. पण फोडण्याबद्दल कान उघाडणी केली. ज्याला वाचता येते त्याला पुस्तकातून जे मिळते, ते ज्याला वाचता येत नाही त्याला चित्रातून मिळते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने स्पष्ट शिकवण दिली की, प्रतिमेला दिलेला मान तिच्यावर थांबत नाही, ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा 'तुम्ही काचेला हात जोडता' असे कुणी म्हटले तर शांतपणे हे सांगा. आईचा फोटो छातीशी धरणारा मुलगा कागदावर प्रेम करत नसतो.

रंगीत काचांची ही कला खरी बहरली ती उत्तर युरोपात. फ्रान्समधल्या शार्त्र या गावचे कॅथेड्रल ११९४ साली आगीत जळाले. लोकांनी ते पुन्हा उभारले आणि १२६० मध्ये त्याचे समर्पण झाले. तिथल्या दीडशेहून अधिक खिडक्यांत मध्ययुगातली काच आजही शाबूत आहे. १९३९ साली महायुद्ध दाराशी आले, तेव्हा गावाने या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवल्या आणि युद्धानंतर पुन्हा जागेवर बसवल्या.

ही काच रंगवलेली नसते, काचेतच रंग असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट घातले की निळी, तांबे घातले की लाल काच होते. मग तुकडे कापायचे, त्यावर गडद रंगाने नाक-डोळे, कपड्यांच्या चुण्या काढायच्या, भट्टीत भाजायच्या आणि शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायच्या. आता विचार करा, जमिनीवर उभा असलेला शेतकरी पन्नास-साठ फुटांवरच्या खिडकीतला चेहरा कसा ओळखणार? शिवाय संत पेत्र दिसायला कसे होते हे कारागिराला तरी कुठे ठाऊक होते! म्हणून संत ओळखायचा तो चेहऱ्यावरून नाही, त्याच्याबरोबर असलेल्या वस्तूवरून. आपल्याकडेही शेतातून चाललेला माणूस लांबून चेहऱ्याने ओळखू येत नाही. खांद्यावर कुदळ आहे की डोक्यावर टोपली, यावरून आपण सांगतो कोण आहे ते.

चला, एक फेरी मारू या

मुलांना आम्ही आता एक सोपा नियम शिकवला आहे. तीन गोष्टी पाहायच्या: अंगावर काय, हातात काय आणि पायाशी काय. एकच खूण पाहून आमच्यासारखी घाई करायची नाही.

वेदीच्या उजवीकडे पहिल्या खिडकीत आखूड, कुरळ्या दाढीचे संत पेत्र आहेत. हातात दोन किल्ल्या, एक सोनेरी, एक रुपेरी. मत्तयच्या शुभवर्तमानात (१६:१९) प्रभूने त्यांना स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्या. बांधण्याचा आणि मोकळे करण्याचा अधिकार दिला. समोरच्या खिडकीत लांब दाढीचे, कपाळ मोकळे झालेले संत पौल. त्यांच्या हातात तलवार. पौल रोमन नागरिक होते. नागरिकाला क्रुसावर देत नसत, म्हणून परंपरेनुसार त्यांचा शिरच्छेद झाला. पण इफिसकरांस लिहिताना त्यांनी देवाच्या वचनालाही तलवार म्हटले आहे (६:१७). तेव्हा ती तलवार दोन्हींची खूण आहे, त्यांच्या मरणाची आणि त्यांच्या कामाचीही.

दुसऱ्या खिडकीत हातात ताटली, ताटलीत दोन डोळे. ही संत लुसी, सिसिलीतल्या सिराक्यूजची, इ.स. ३०४ च्या सुमाराची रक्तसाक्षी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी इथे मेणबत्ती लावणाऱ्या किती तरी जणांना आम्ही पाहतो. डोळ्यांची ही कथा तिच्याबद्दलच्या जुन्या वृत्तांतात नाही, ती पुष्कळ नंतर आली. पण तिच्या नावात लॅटिन भाषेतला प्रकाश आहे, आणि प्रकाशावरून लोकांचे मन डोळ्यांकडे वळले. संत आग्नेसच्या हातातले कोकरूही तसेच. लॅटिनमध्ये कोकराचा शब्द तिच्या नावासारखा ऐकू येतो. म्हणजे काही खुणा इतिहासातून आल्या, काही नावातून आणि काही भक्तांच्या प्रेमातून. चाक घेतलेली संत कॅथरीन आणि बुरुजाजवळ उभी असलेली संत बार्बरा यांच्या बऱ्याच कथा दंतकथा आहेत. १९६९ साली पंचांगाची फेररचना झाली, तेव्हा ख्रिस्तसभेने ही नावे सर्वसाधारण पंचांगातून काढली होती. कॅथरीनचे नाव २००२ मध्ये परत आले. दंतकथा शुभवर्तमान नसते, हे आपण जाणतो. पण ज्या श्रद्धेने ती जपली गेली, त्या श्रद्धेची टिंगल करण्याचेही कारण नाही.

पाचव्या खिडकीत पांढरे लिलीचे फूल. पुष्कळजण म्हणतात, संत जोसेफ. पण नियम लावा! अंगावर काय? फ्रान्सिस्कन झगा, कमरेला दोरी. हातात काय? फुलाबरोबर पुस्तक आणि बाळ येशू. हे पादुआचे संत अँथनी, जन्माने लिस्बनचे. संत जोसेफ असते तर वय जास्त असते आणि जवळ सुताराचा गुण्या असता. पण थांबा, गुण्या दिसला म्हणजे जोसेफच, असेही नाही. प्रेषित थॉमस यांच्या हातातही गुण्या असतो. गोंदोफारेस नावाच्या राजाने त्यांना महाल बांधण्याचे काम दिले आणि त्यांनी ते पैसे गरिबांत वाटून टाकले, अशी एक प्राचीन कथा आहे. बरोबर भाला असला की थॉमसच समजा; मैलापूरला भाल्याने त्यांचा वध झाला, अशी आपल्या देशातली परंपरा सांगते.

व्यासपीठावर कोरलेले चार पंखधारी जीव तर आपण रोज पाहतो. माणूस मत्तयचा, सिंह मार्कचा, बैल लूकचा, गरुड योहानचा. यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टांतातून आणि प्रकटीकरणातून ते आले. कुणाला कोणता, याबद्दल आरंभीच्या आचार्यांत एकमत नव्हते. संत जेरोम यांनी लावलेला क्रम पुढे रूढ झाला. मत्तय वंशावळीने सुरुवात करतो म्हणून माणूस. मार्क अरण्यात घुमणाऱ्या आवाजाने, म्हणून सिंह. लूक मंदिरात सेवा करणाऱ्या जखऱ्या याजकापासून, म्हणून बळीचा बैल. आणि योहान पहिल्याच ओळीत आकाशात झेप घेतो, म्हणून गरुड. शार्त्रच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांत हे चारही शुभवर्तमानकार चार थोर संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले दाखवले आहेत: यशयाच्या खांद्यावर मत्तय, यिर्मयाच्या लूक, यहेज्केलच्या योहान, दानिएलच्या मार्क. नवा करार जुन्याच्या खांद्यावर बसून लांबचे पाहतो, हे धर्मशिक्षणाच्या तासाला समजवायला आम्हाला अर्धा तास लागतो. कारागिराने एका चित्रात सांगितले.

आणि सहावी खिडकी आपल्या घरची! क्रूस आणि दोन भाले घेतलेले, फ्रान्सिस्कन झग्यातले संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला हा मुलगा व्यापारी झाला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. जपानी भाषा उत्तम येत असल्याने मिशनऱ्यांचा दुभाषी म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर दिला गेला. शेवटी भाल्यांनी भोसकले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. युरोपातल्या काचा वाचता वाचता आपण शेवटी आपल्याच मातीपाशी येऊन थांबतो.

मारेकऱ्याचे हत्यार

आता एक गोष्ट लक्षात आली का? तलवार, जाळी, भाला, चाक. बार्थोलोमिओच्या हातातला सुरा. अपोलोनियाच्या हातातली, दात धरलेली पक्कड. ही सगळी छळाची हत्यारे आहेत. ती मारेकऱ्याच्या हातात होती. खिडकीत मात्र ती संताच्या हातात आहेत! ज्याने मारले त्याचे हात रिकामे झाले आणि ज्याला मारले त्याच्या हाती ते हत्यार खूण म्हणून आले.

इथे नीट समजून घेतले पाहिजे. दुःख चांगले असते, असे ख्रिस्तसभा कधीही म्हणत नाही. लॉरेन्सला भाजणे हे पाप होते, ते आजही पापच आहे. एखादी बहीण नवऱ्याचा मार मुकाट सोसत असेल, तर 'हा तुझा क्रूस आहे, घे' असे तिला सांगणे म्हणजे संतांचा अपमान आहे. खिडकी काही वेगळेच सांगते. माणसाला वाईटाने जे केले, ते त्याच्या आयुष्याचा शेवटचा शब्द ठरत नाही. शेवटचा शब्द देव बोलतो. पुनरुत्थित प्रभूने थॉमसला आपले घाव दाखवले. ते नाहीसे झाले नव्हते. पण आता त्यांनी प्रभू ओळखू येत होता.

म्हणूनच हत्याराबरोबर दुसऱ्या हातात झावळी असते. झावळी म्हणजे विजय. रक्तसाक्षी कोणताही असो, झावळी सगळ्यांना सारखी. झावळ्यांच्या रविवारी आपणही ती हातात धरतो, मुले तिचे क्रूस विणतात, आणि पुढच्या वर्षी तीच जाळून राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला लागते. आपल्या हाती झावळी आहे, बंधू-भगिनींनो. प्रश्न दुसऱ्या हाताचा आहे.

पायाशी लावलेली फळी

आता त्या चौथ्या खिडकीकडे परत जाऊ. लॉरेन्स हा रोमच्या ख्रिस्तसभेचा डिकन. दानाचा आणि गरिबांच्या मदतीचा सारा हिशेब त्याच्याकडे होता. २५८ साली सम्राट व्हॅलेरियनच्या छळात पोप दुसरे सिक्स्तुस यांना ६ ऑगस्टला ठार करण्यात आले. लॉरेन्सला सांगितले गेले की, ख्रिस्तसभेचा खजिना आणून दे. त्याने मुदत मागितली. होते नव्हते ते वाटून टाकले आणि ठरल्या दिवशी शहरातले गरीब, लंगडे, आंधळे अधिकाऱ्यासमोर उभे केले. हाच आमचा खजिना, असे त्याने सांगितले. १० ऑगस्टला त्याला मरण आले. जाळीवर भाजल्याची परंपरा फार जुनी आहे. काही इतिहासकारांच्या मते त्याचाही शिरच्छेदच झाला असावा. पण खजिन्याची ती गोष्ट ख्रिस्तसभा कधीच विसरली नाही.

आपल्या खिडकीत लॉरेन्सच्या पायाशी कुबडी घेतलेला एक माणूस आणि मूल कडेवर घेतलेली एक बाई होती. गेल्या पावसाळ्यात शिशाच्या पट्ट्या फुगल्या आणि खालच्याच काचा निखळून पडल्या. आम्ही तिथे प्लायवूडची फळी ठोकून घेतली. वरचा लॉरेन्स राहिला, जाळी राहिली, झावळी राहिली, गरीब गेले. आणि गरीब गेल्यावर आम्हाला लॉरेन्स ओळखू आला नाही! आम्ही स्वतःच सांगितलेला तिसरा नियम, पायाशी काय ते पाहा. आम्ही पाहिले ते फळीकडे, आणि तीही आम्हीच लावलेली.

ही गोष्ट आमच्या मनाला का लागली, तेही सांगतो. पॅरिश कौन्सिलच्या मागच्या बैठकीत खिडकीची दुरुस्ती हा चौथा विषय होता. काच कुठून आणायची, कारागीर कोण, देणगीदारांची नावे खाली कोणत्या अक्षरांत, यावर पाऊण तास चर्चा झाली. पाचवा विषय संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा होता. संस्थेच्या बंधूंनी सांगितले की, औषधांच्या आणि शाळेच्या फीच्या मदतीची पेटी जवळजवळ रिकामी झाली आहे आणि काही कुटुंबांना या महिन्यात 'नाही' म्हणावे लागेल. त्यावर पाच मिनिटे. मग चहा आला. त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी आम्हीच होतो, तेव्हा हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चर्चची सोन्याची भांडी वितळवून युद्धकैद्यांना सोडवले. त्यांच्यावर टीका झाली. तेव्हा त्यांनी याजकांच्या कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात उत्तर दिले, आणि त्या उत्तरात कुणाचा दाखला दिला? लॉरेन्सचाच. संत योहान क्रिसोस्तोम यांनीही मत्तयच्या शुभवर्तमानावर प्रवचन करताना विचारले आहे की, चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशीम नेसवून बाहेर तोच थंडीने कुडकुडत असेल, तर त्या मानाचा काय उपयोग? चर्च सजवू नका, असे मात्र ते म्हणत नाहीत. ते क्रम सांगतात. आधी भुकेल्याला वाढा, मग उरलेल्यातून वेदी सजवा.

म्हणून कौन्सिलशी पुन्हा विचारविनिमय करून आम्ही असे ठरवले आहे. आगमनकाळ संपेपर्यंत खिडकीसाठी जमा होणारे सर्व दान संत व्हिन्सेंट डी पॉलच्या पेटीत जाईल. खिडकीचे काम नवीन वर्षात सुरू होईल. पाऊस जूनमध्ये येतो. काच तोपर्यंत थांबू शकते. फीची तारीख थांबत नाही आणि आजारपण तर मुळीच नाही. फळी तोवर तशीच राहील. ती पाहून कुणी पाहुण्याने विचारले, तर लाजू नका, कारण सांगा.

राहिला नावांचा प्रश्न. खिडकीखाली आपल्या कुटुंबाचे नाव असावे, असे काहींना वाटते. त्यात वाईट काही नाही. वडिलांची आठवण राहावी असे कुणाला वाटत नाही? शार्त्रच्या खिडक्यांच्या तळाशीही माणसे आहेत: पाववाले, चांभार, कातडी कमावणारे, दारूचे पिंप वाहणारे. त्यांनीच त्या खिडक्या दिल्या असे परंपरा मानते. अभ्यासकांचे त्यावर दुमत आहे. पण दिसतात ते आपापले काम करताना. पाववाला पाव विकतोय, चांभार जोडा शिवतोय. नावापेक्षा त्यांचे कामच त्यांची खूण झाले आहे. आपण देणाऱ्यांची नावे एका वहीत लिहू. ती वही वेदीजवळ ठेवली जाईल आणि दरवर्षी १० ऑगस्टच्या मिस्सात त्या सर्वांसाठी प्रार्थना होईल. काचेवर मात्र पुन्हा ते दोघेच येतील, कुबडीवाला आणि मूल घेतलेली आई.

आपली खूण

कुणी म्हणेल, फादर, ते जुन्या काळचे संत. आम्ही गाड्या पकडणारी, वाडीत राबणारी साधी माणसे. पण खिडक्या अजून पूर्ण भरलेल्या नाहीत! संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या चित्रात पट्ट्यापट्ट्यांचे कैद्याचे कपडे असतात आणि त्यावर क्रमांक, १६६७०. १९४१ साली आउश्वित्झच्या छावणीत दुसऱ्या एका बापाऐवजी ते मरायला पुढे झाले. संत मदर तेरेसा यांची खूण म्हणजे निळ्या काठाची पांढरी सुती साडी. २०२२ साली संत घोषित झालेले देवसहायम, आपल्या देशाचे पहिले प्रापंचिक संत, त्यांच्या हातात साखळदंड आहेत. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी संत म्हणून जाहीर केलेला कार्लो अकुतिस? पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेला हा मुलगा चित्रात जीन्स घालून, पाठीला सॅक लावून उभा असतो. संगणक ही त्याची खूण.

ज्याने त्याने आपल्या हातात आधीच काय आहे ते पाहावे. पहाटे बाजारात नेलेली फुलांची टोपली, आजारी सासूच्या औषधांची पिशवी, रिक्षाचे हँडल, खडू, पोळ्यांचा डबा. खूण नवीन शोधावी लागत नाही. ती हातात असते. तिच्यातून प्रीती दिसते की नाही, एवढेच ठरायचे असते. सकल संतांच्या दिवशी शुभवर्तमानात (मत्तय ५:१-१२) प्रभू जे धन्योद्गार काढतो, त्यात कुणाचेही नाव नाही. आत्म्याने दीन, शोक करणारे, दयाळू, शांती करणारे... सगळे खुणांनीच ओळखले आहेत.

२००८ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी सांगितले होते की, रंगीत काचा बाहेरून काळपट दिसतात, आत आले की त्या प्रकाशाने जिवंत होतात. ख्रिस्तसभेचेही तसेच आहे. आम्ही त्याला आपल्या गावची एक गोष्ट जोडतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आत बसलेल्या आपल्याला खिडक्या काळ्या दिसतात, कारण बाहेर अंधार असतो. पण त्याच वेळी रस्त्यावरून जाणाऱ्याला, जो आत कधीच येणार नाही त्याला, त्याच खिडक्या उजळलेल्या दिसतात. आत दिवा असला पाहिजे, एवढीच अट.

मुलांसाठी एक काम: आपल्या स्नानसंस्काराच्या नावाचा संत कोण, हे आजी-आजोबांना विचारा. घरातला बस्त्याव म्हणजे संत सेबॅस्टियन, इनास म्हणजे संत इग्नेशियस. त्याची खूण कोणती ते शोधा, कागदावर काढा आणि सणाच्या दिवशी अर्पणाच्या वेळी घेऊन या. मोठ्यांनी मुलांना मदत करावी, आणि चुकले तर आमच्यासारखे चारचौघांत चुकावे. मागच्या बाकावर आजी आहेतच!

प्रार्थना करू या: हे प्रभो, तुझ्या संतांना तू झावळी दिलीस आणि त्यांच्या दुःखाची खूण केलीस. आमच्या हातात जे आहे त्यातून तुझी प्रीती दिसू दे. आणि आमच्या पायाशी जे बसले आहेत, त्यांच्यापुढे आम्ही लावलेल्या फळ्या काढून टाकायचे बळ आम्हाला दे. आमेन.

सर्वांना सकल संतांच्या सणाच्या शुभेच्छा.

आपले धर्मगुरू